धुतलेला रुपया

धनत्रयोदशीच्या सकाळी देवाची भांडी घासायला निघतात तेव्हा त्यांच्याबरोबर एक डबीही निघते. आत लाल कापडात गुंडाळलेले चार-पाच रुपये. कुणाच्या आजेसासूबाईंनी जपलेले, कुणाच्या पणजोबांना जमिनीच्या व्यवहारात मिळालेले. एखादा व्हिक्टोरियाचा, एखादा सातव्या एडवर्डचा, दोन पंचम जॉर्जचे. घरात सगळ्यांना सरसकट ‘राणीछाप’च म्हणतात, मग वर टक्कल पडलेला एडवर्ड का असेना.

वर्षभरात ते काळवंडलेले असतात. मग चिंचेचा कोळ येतो, चिमूटभर रांगोळी येते, कुणाचा तरी निवृत्त टूथब्रश येतो आणि पाच मिनिटांत रुपया असा लखलखतो की सासूबाईही मान डोलावतात. चौरंगावर तो शोभतो, यात वाद नाही. पण हाच रुपया पुढे कधी पुण्या-मुंबईच्या नाणी-प्रदर्शनात एखाद्या टेबलावर गेला, तर टेबलामागचा माणूस तो कडेला धरून उचलतो, दिव्याखाली जरा तिरका करून फिरवतो आणि म्हणतो, ‘धुतलाय.’ पुढचा भाव चांदीचा. वजन ११.६६ ग्रॅम, शुद्धता ९१.७ टक्के, गुणाकार करायचा आणि पैसे घ्यायचे.

घरच्यांना हा अपमान वाटतो. आपण इतका स्वच्छ ठेवलेला रुपया मोडीच्या भावात, आणि शेजारी पडलेला, कडेला निळसर-जांभळट झाक मारणारा, त्याच सालचा रुपया मात्र पारदर्शक डबीत, वर किमतीची चिठ्ठी लावून! अनेकांना यात व्यापाऱ्याची लबाडी दिसते. लबाडी या धंद्यात आहेच, पण ती इथे नाही.

भांडण दोन पारखींचं आहे. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला, त्याआधी आपल्याकडे चांदोरी, अंकुशी, सुरती असे नाना रुपये चालत. प्रत्येकाची चांदी निराळी, प्रत्येकावर बट्टा निराळा. सराफ वजन बघे, कस बघे, शंका आली तर नाण्यावर छिन्नीचा टोचा मारून आत तांबं आहे का तेही पाही. टोचे खाल्लेले असे कितीतरी मोगल आणि मराठेशाही रुपये आजही बाजारात येतात. त्याच्या हिशेबी रुपया म्हणजे आतली चांदी. वरून तो काळा झाला काय, पांढरा राहिला काय, त्याला सोयरसुतक नव्हतं. चांदी घासून उजळायची ही आपली सवय त्या पारखीशी सुसंगत आहे. संग्राहक मात्र नेमके वरच्या थराचेच पैसे मोजतो. आतली चांदी कुठल्याही पेढीवर मिळते, वरचा थर टांकसाळीतून एकदाच मिळतो.

*

तो थर म्हणजे काय? टांकसाळीत कोऱ्या चकतीवर दोन ठशांचा दाब पडतो तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकते आणि ठशाच्या खाचांत शिरते. तिच्या या सरकण्याच्या रेषा नाण्याच्या सपाट भागावर राहून जातात. डोळ्यांना त्या सुट्या दिसत नाहीत, पण नाणं दिव्याखाली फिरवलं की प्रकाशाचा एक पट्टा त्याच्याबरोबर गरगर फिरतो. संग्राहकांचं ‘लस्टर’ ते हे. व्यापारी नाणं तिरकं धरून हाच पट्टा शोधत असतो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. टूथपेस्टमध्येही खरवडणारी बारीक पूड असतेच, आणि राखुंडीचं तर काय सांगावं. त्या रेषा घासल्या जातात आणि त्यांच्या जागी हजारो नवे ओरखडे येतात, बहुधा एकाच दिशेचे, कारण घासणाऱ्याचा हात एकाच दिशेने चालतो. घासलेल्या नाण्याला चमक येते ती या ओरखड्यांची. ती पसरट असते, फिरत नाही.

उंच भाग आधी झिजतात. पंचम जॉर्जच्या रुपयाचंच बघा. राजाच्या अंगावर मानचिन्हांची साखळी आहे आणि तिच्यात छातीवर एक इवलासा हत्ती. १९११च्या पहिल्या रुपयांवर हा हत्ती इतका बेढब निघाला की लोकांना तो डुकरासारखा वाटला. बोभाटा झाला, सरकारने बहुतेक माल परत घेऊन वितळवला आणि १९१२पासून नीट सोंडेचा हत्ती काढला. बाजारात ‘पिग रुपी’ म्हणून जो रुपया मिरवतो तो हा १९११चा. गंमत अशी की हत्तीची ही जागा नाण्यावरच्या सर्वांत उंच जागांपैकी एक, म्हणजे ब्रशखाली पहिल्यांदा येणारी. पाच-पन्नास दिवाळ्या पाहिलेल्या रुपयांवर हत्तीही नसतो आणि डुक्करही नसतं, नुसता एक उंचवटा असतो. खाली कमळाजवळ मुंबईच्या टांकसाळीने दिलेला ठिपका खोलगट जागी असल्यामुळे पुष्कळदा वाचतो, एवढंच.

*

आता काळेपणाकडे येऊ. चांदी गंजत नाही, तिला हवेतला नुसता प्राणवायू फारसं काही करत नाही. तिचं वैर गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असला आणि थोडा ओलावा असला की चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो, पण आपल्या नाकाला कळण्याच्या कितीतरी आधी तो चांदीला कळलेला असतो. मुंबईत मिठीच्या काठाने किंवा माहीमच्या खाडीपुलावरून भरती-ओहोटीच्या वेळी गेलेल्या माणसाला हा वायू निराळा समजावून सांगायला नको. खाडीचा चिखल, गटारं, उकडलेली अंडी, लोकर, रबर अशा सगळ्यांतून तो किंवा त्याचे भाऊबंद निघतात. कोकणातल्या पावसाळ्यात चांदी देशावरच्यापेक्षा लवकर काळी पडते ती दमटपणामुळे.

आणि फटाके. त्यांच्या दारूत गंधक असतंच. जळताना त्यातलं बरंचसं सल्फर डायऑक्साइड होऊन जातं, आणि चांदीला त्याचा त्रास तुलनेने कमी. पण धुरातून जी राख खाली बसते तिच्यात पोटॅशियमचं सल्फाइड असतं, आणि ती ओली झाली की पुन्हा तोच सडका वास. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण घासून लखलखीत केलेले रुपये उघड्या खिडकीजवळ चौरंगावर ठेवतो आणि खाली अंगणात माळ लावतो! ताजी घासलेली चांदी या वायूंना फार लवकर भाळते.

नवरात्रात गरब्याला मुली जे काळसर चांदीचे दागिने घालतात, त्यांच्यावरचा काळेपणाही हाच. तिथे कारागीर मुद्दाम सल्फाइडच्या द्रावणात दागिना बुडवतो आणि उंच भाग पुसून खोलगट भाग काळे ठेवतो, म्हणजे नक्षी उठून दिसते. तिथे आपण जास्त पैसे देऊन काळी चांदी विकत आणतो. नाण्यावर तीच आली की चिंच शोधतो.

सल्फाइडचा थर पातळ असतो तोवर तो काळा नसतोच. त्याची जाडी मोजायची नॅनोमीटरमध्ये, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. या थराच्या वरून परतणारा प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंग एकमेकांना मारतात, काही उठून दिसतात. पावसाळ्यात पेट्रोलपंपावरच्या डबक्यात दिसणारे रंग याच कारणाने. थर वाढत जातो तसा आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा येतो. पुढे रंगांचा आणखी एक फेरा होतो, त्यात हिरवाही येतो, आणि शेवटी काळा.

हा क्रम ठरलेला असतो, आणि जाणकार त्यावरच नजर ठेवतात. कडेला निळा, आत जांभळा, त्याच्या आत सोनेरी आणि मध्ये पांढरी चांदी अशी उतरंड असली तर कडेकडून सावकाश आत सरकलेला तो खरा रंग. मधला टप्पा गाळून पिवळ्याशेजारी एकदम भडक निळा आला, किंवा रंग नाण्यावर नुसता तरंगतोय असं वाटलं, की संशय घ्यायचा. संशय घ्यायला कारण आहे. अमेरिकेत अशा रंगीत नाण्यांसाठी लोक वेडे आहेत. तिथले मॉर्गन डॉलर १८७८पासून पाडले गेले, त्यातले असंख्य वापरात न येता हजार-हजारांच्या कॅनव्हासच्या पिशव्यांत सरकारी तिजोऱ्यांत दशकानुदशकं पडून राहिले. पिशवीच्या कापडाला लागून असलेल्या नाण्यांवर इंद्रधनुष्य उमटलं, आतली नाणी पांढरी राहिली. १९३०च्या दशकापासून वेट रेमंड नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याचे पुठ्ठ्याचे अल्बम तिथे लोकप्रिय झाले. पुठ्ठ्यातल्या गंधकाने नाण्यांच्या कडांवर अशीच रंगीत वलयं काढली. ज्याला साठवणुकीतला दोष म्हणायचा त्याच्यासाठी आज लिलावात चढाओढ लागते. मग ओव्हनमध्ये, बटाट्यात, गंधकाच्या धुरीत नाणी ‘शिजवणारे’ निघणारच. नाण्यांना दर्जा देऊन ती डबीत सीलबंद करणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या तिथल्या दोन मोठ्या कंपन्या असं नाणं दिसलं की रंग शंकास्पद ठरवून दर्जाचा आकडा नाकारतात.

रंग चांदीचं रक्षण करतो, असंही संग्राहक हटकून सांगतात. ते अर्धंच खरं. थर जाड होतो तशी पुढची वाढ मंदावते, थांबत मात्र नाही. गंधक मिळत राहिलं तर सोनेरी नाणं एक दिवस कोळशाच्या रंगाचं होतं, आणि त्या सल्फाइडमधली चांदी नाण्याच्याच अंगातून आलेली असते. थर काढला की ती चांदीही गेली. सराफकट्ट्यावर मिळणाऱ्या ‘डिप’ द्रावणात नाणं बुडवलं की काही सेकंदांत पांढरं होतं. त्यात बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतो, आणि तो सल्फाइडबरोबर त्या सूक्ष्म रेषांचा माथाही विरघळवतो. एकदा बुडवलं तर फार तर जाणकाराला कळतं. चार-पाचदा बुडवलेलं नाणं पांढरं असूनही मेलेलं दिसतं. अॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी आणि सोडा हा दुसरा घरगुती उपाय ताटवाट्यांना ठीक आहे. नाण्याला नाही.

*

इथपर्यंतचं नुकसान निदान उघड्यावर होतं. खरी चोरी बंद कपाटात चालते, आणि चोर बहुधा तो असतो ज्याला आपण राखणीला ठेवलेलं असतं.

नव्याने नाणी जमवायला लागलेला मुलगा पहिली वस्तू घेतो ती अल्बम. जाड पानं, प्रत्येक पानावर मऊ, गुळगुळीत, पारदर्शक खिसे. उघडला की नव्या रेनकोटचा वास येतो. त्या वासावरूनच ओळखावं: हे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ पडावं म्हणून त्यात तेलकट रसायनं घालतात. काही वर्षांत ही रसायनं बाहेर पाझरतात आणि नाण्यावर चिकट, धुरकट थर धरतात. प्लॅस्टिक स्वतः विघटित होतं तेव्हा हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. राणीछाप रुपयात अकरा भाग चांदीमागे एक भाग तांबं असतं, आणि आम्ल त्या तांब्याला गाठतं. मग नाण्यावर, बहुधा अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या कडांना, हिरवट ओघळ दिसू लागतात. लोकांना ते जुनेपणाचं लक्षण वाटतं. तो चालू असलेला हल्ला असतो. वेळेवर लक्षात आलं तर शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं बुडवून ठेवलं की चिकट थर सुटतो, आणि अॅसिटोन चांदीला काही करत नाही. उशीर झाला तर हिरवा थर जातो, त्याच्याखालचा खड्डा राहतो. अॅसिटोन म्हणजे नखांचं पॉलिश काढायची बाटली नव्हे, तिच्यात तेल आणि सुगंध असतात. आणि ते पेट घेतं, म्हणून हा उद्योग देवघरातल्या समईशेजारी करू नये.

प्लॅस्टिक कुठलं हे तपासायची एक जुनी रीत रसायनाच्या विद्यार्थ्यांना माहीत असेल. तांब्याची तार ज्योतीत लाल करायची, प्लॅस्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. धूर विषारी असतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन किंवा पॉलिएस्टरचे खिसे थोडे महाग पडतात आणि इतके मऊही नसतात, पण त्यांत हा रोग नाही.

बाकीचे गुन्हेगार किरकोळ, पण संख्येने पुष्कळ. रबरबँड पक्का व्हावा म्हणून रबरात गंधकच घालतात. वीस नाण्यांची चळत रबरबँडने बांधून ठेवली की कडेवर, आणि कडेच्या आत थेट राणीच्या गालावर, काळी रेघ उमटते. ती कायमची. रद्दी वर्तमानपत्राची पुडी, लोकरीच्या शालीचा तुकडा, लाल कापड ज्याचा रंग ओलाव्यात सुटतो, आंबट वासाचा पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या चौकटीत नाणं ठेवून चारी बाजूंना स्टेपल मारायची पद्धत अजून चालू आहे. पावसाळ्यात पिन गंजते, आणि शेजारचं होल्डर उचलताना तिचं टोक नाण्यावरून फिरतं. प्लायवूडच्या नव्या कपाटातून वाफा निघत राहतात. डांबरगोळ्याही ठेवतात लोक. नाण्याला कसर लागत नाही हो.

आणि आपला अंगठा. घामात मीठ असतं, तेल असतं, आम्लं असतात. कोऱ्या नाण्यावर टेकलेला अंगठा त्या दिवशी दिसत नाही. दोन-चार वर्षांनी त्याचा ठसा तपकिरी होऊन वर येतो, इतका स्पष्ट की माणूस शोधून काढता यावा. म्हणून जाणकार नाणं नेहमी कडेला धरतात, आणि त्याच्यावर तोंड ठेवून बोलत नाहीत. थुंकीचा शिंतोडाही पुढे काळा ठिपका होऊन उगवतो.

*

सगळे चांदीचे रुपये एकसारखे काळे पडत नाहीत. डबीत १९४०नंतरचा सहाव्या जॉर्जचा रुपया असला तर तो व्हिक्टोरियाच्या शेजारी ठेवून बघा. झिजलेल्या जागी तो पिवळट-तांबूस दिसेल. दुसरं महायुद्ध चालू होतं, लोक चांदीचे रुपये घरात दाबून ठेवू लागले होते. १९४०मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, पाच-पाच टक्के निकेल आणि जस्त. इंग्लंडने आपल्या नाण्यांत हाच चौमिश्र धातू १९२७पासून वापरला होता. इतकं तांबं असलेली चकती मुळात पांढरी दिसत नाही. म्हणून ठसा मारण्याआधी ती आम्लातून काढतात, वरचं तांबं विरघळून जातं आणि चांदीचा एक पांढरा पापुद्रा उरतो. नवा रुपया या पापुद्र्यावर चांदीचा म्हणून मिरवतो. चिंच-रांगोळीने तो पापुद्रा गेला की खालचं मिश्रण उघडं पडतं, आणि मग जितकं घासावं तितका रुपया पितळेकडे झुकतो. १९४०च्या दशकातले रुपये पुष्कळ घरांत ‘खोटे’ म्हणून बाजूला पडलेले दिसतात, त्यात या घासण्याचा वाटा मोठा आहे.

परत घेतलेल्या जुन्या, चांगल्या चांदीच्या रुपयांचं काय झालं, त्याची एक गोष्ट मुंबईपासून सुरू होते. ऑक्टोबर १९४२मध्ये ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज मुंबई बंदरातून सुमारे १०० टन चांदीचे रुपये घेऊन इंग्लंडकडे निघालं. सुमारे दोन हजार पेट्या. आफ्रिकेला वळसा घालून जाताना ६ नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेनाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. जहाज पाच हजार मीटरहून खोल गेलं. एका बचाव कंपनीने ते शोधून २०१३पर्यंत बरीच चांदी वर काढली आणि २०१५मध्ये जाहीर केलं. चांदी ब्रिटिश सरकारच्या मालकीची होती. बहुतेक रुपये वितळवले गेले. सत्तर वर्षं समुद्रतळाशी राहिलेल्या नाण्यांचा पुन्हा गठ्ठा चांदी म्हणूनच हिशेब झाला, सराफाच्या पारखीने. मला हे अजून खटकतं, पण शंभर टन रुपये विकत घेतील इतके संग्राहक जगात नाहीत, हेही खरं.

समुद्राचीच दुसरी गोष्ट याहून जुन्या रुपयांची. १९६१मध्ये श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्रेट बेसेस खडकांजवळ माइक विल्सन आणि त्याच्यासोबतच्या दोन मुलांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. विल्सनचा भागीदार म्हणजे विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क, त्यामुळे ही हकिगत जगभर गेली. तळाशी चांदीच्या नाण्यांचे दगडासारखे गोळे पडले होते, एका पिशवीतले सुमारे हजार रुपये एकमेकांना चिकटून झालेले. नाणी औरंगजेबाची, सुरतेच्या टांकसाळीची, हिजरी १११३ची. बाहेरची नाणी समुद्राने खाऊन टाकली होती. त्यांच्या आडोशाला आतली नाणी अक्षरं वाचता येतील अशी राहिली होती. कुणी ठरवून केलेली नसली, तरी ही साठवणूकच.

जमिनीत पुरलेल्या चांदीची तऱ्हा आणखी वेगळी. मातीतल्या क्लोराइडांमुळे नाण्यावर सिल्व्हर क्लोराइडचा करडा-तपकिरी, मेणचट थर बसतो. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६मध्ये सापडलेल्या ठेव्यात सुमारे १३,२५० चांदीची नाणी होती. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. खालचा राजा आणि वरचा राजा एकाच नाण्यावर वाचता येणं हेच त्या ठेव्याचं मोल. ही नाणी कुणा उत्साही माणसाच्या हाती लागून चिंचेत पडली असती, तर खालच्या नहपानाचं नाक आधी गेलं असतं. आजही शेत नांगरताना गाडगं लागलं की पहिली हालचाल ती नाणी घासून बघायची असते. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कळवण्याआधी धुऊ नये एवढं त्या कायद्यात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. मातीसकट आलेलं नाणं अभ्यासकाला कितीतरी जास्त सांगतं. नाशिकजवळ अंजनेरीला १९८०मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त तिच्या संस्थापकांपैकी. तिच्या आसपासच्या गावांत तरी हे माहीत असायला हरकत नाही.

*

स्वतंत्र भारताची चांदीची नाणी वाचवायला सोपी वाटतात, कारण ती वापरात फारशी आलीच नाहीत. तिथे डबीच घात करते. १९६९चं गांधीजन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं, पंधरा ग्रॅम, ८० टक्के चांदीचं, अनेकांनी हौसेने घेऊन मखमली डबीत बंद केलं. मखमलीखालचा फोम, तिचा रंग आणि चिकटवलेला डिंक यांतून वाफा निघत राहतात, डबीत हवा कोंडलेली असते, आणि वीस वर्षांनी उघडल्यावर नाण्याची मखमलीला टेकलेली बाजू काळी, वरची सोनेरी. पुढची शंभर रुपयांची स्मारक नाणी पुन्हा युद्धातल्या रुपयासारखीच निम्म्या चांदीची, ३५ ग्रॅमची. २०२३मध्ये नव्या संसद भवनानिमित्त काढलेलं ७५ रुपयांचं नाणंही त्याच मिश्रणाचं. ती काळी पडतात तेव्हा ठिपक्याठिपक्यांनी पडतात, आणि ते ठिपके काढायला गेलं की खालची तांबूस झाक वर येते.

अगदी शुद्ध चांदीलाही सुटका नाही. कॅनडाच्या मेपल लीफ नाण्यांवर वर्षानुवर्षं दुधाळ पांढरे डाग येत. चकती धुताना राहिलेलं रसायन नंतर भाजताना पृष्ठभागात मुरतं, असं त्याचं कारण सांगतात. २०१८मध्ये तिथल्या टांकसाळीने त्यावर स्वतःची प्रक्रिया आणली. धनत्रयोदशीला पेढीवरून घेतलेल्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यावर असा डाग दिसला तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी हे लक्षात घ्यावं. ते नाणं संग्रहाचं नाहीच म्हणा. त्याला हळदकुंकू लावा, पंचामृत घाला, घासा, त्याचा जन्मच त्यासाठी. माझा आग्रह एवढाच की पूजेला हे नाणं घ्यावं आणि आजेसासूबाईंच्या एडवर्डला बाजूला बसवावं. जुना रुपया पूजेत घेतलाच तर पूजेनंतर तो साध्या पाण्याने धुऊन, मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावा. आणि कडी झाळून पेटीच्या हारात ओवलेला रुपया असेल तर तो तसाच ओवलेला ठेवावा. कडी काढली तर तिथे झाळेचा डाग राहतो, कडी ठेवली तर निदान दागिना राहतो.

*

संग्रहालयांनाही हा प्रश्न सुटलेला नाही, त्यांनी तो फक्त शिस्तीत बांधला आहे. ब्रिटिश म्युझियममधले अँड्र्यू ऑडी यांनी १९७३मध्ये एक चाचणी सुचवली. प्रदर्शनाच्या कपाटात वापरायचं कापड, रंग, लाकूड यांचा तुकडा बंद बाटलीत घालायचा, सोबत चांदी, तांबं आणि शिसं यांचे चकचकीत तुकडे, थोडं पाणी, आणि बाटली ६० अंश उष्णतेत २८ दिवस ठेवायची. चांदी काळवंडली तर त्या वस्तूतून गंधक सुटतंय. शिसं पांढरं पडलं तर आम्लाच्या वाफा. जगभरची संग्रहालयं अजून हीच चाचणी करतात.

घरी तिचं गावठी रूप करता येतं. नाणी ठेवायच्या खणात एक साधा, ताजा घासलेला चांदीचा तुकडा ठेवून द्यायचा, मोडलेलं जोडवं किंवा पैंजणाची कडी चालेल. त्याच्याशेजारी सिलिका जेलची पुडी. रंग बदलला की पुडी बदलायची. सहा महिन्यांनी जोडवं पांढरं असलं तर खण चांगला आहे. पिवळं झालं असलं तर चिंच न शोधता आधी तो खण, तो अल्बम, ते अस्तर, जे काही नवं आणलं असेल ते हुंगून बघायचं, बदलायचं आणि नाण्यांना हात न लावता पुन्हा सहा महिने थांबायचं.